आधी सावली, मग माती

बालवाडीच्या अंगणाबद्दलची पत्रं गेल्या काही महिन्यांत साठत गेली, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. पत्रं थोडक्यात घेतली आहेत. नावं गाळली, गावं ठेवली. मी अमळनेरला बालवाडी चालवली आणि आता जळगाव, धुळे, नंदुरबारकडची अंगणं बघत फिरते. उत्तरं त्यातूनच आलेली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या बालवाडीला साठ बाय चाळीस फुटांचं अंगण आहे. निम्म्या भागात पेव्हर ब्लॉक, निम्म्यात काळी माती. लोखंडी घसरगुंडी, दोन झोपाळे, सिमेंटचा हत्ती, आणि कोपऱ्यात एक मोठा निंब. मार्च लागला की मुलं बाहेर थांबत नाहीत, पावसाळ्यात चिखल होतो. संस्था म्हणते, सगळीकडे प्लास्टिकचं हिरवं गवत टाकू आणि रंगीत खेळणी आणू. मुलांनी झाडामातीत शिकावं असं मला वाटतं. पैसे थोडे आहेत. सुरुवात कुठून करू? (बालवाडीताई, पारोळा)

ताई, सुरुवात सावलीपासून करा. झाडं, वाळू, पाणी, खेळणी सगळं त्यानंतर.

निसर्गातल्या बालवाडीचे जे फोटो आपल्या मोबाइलवर येतात ते बहुतेक युरोपातले असतात. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात मुलांना रोज रानात नेणाऱ्या बालवाड्या सुरू झाल्या. तिथल्या बाईंपुढचा प्रश्न थंडी-पावसाचा. जाड कपडे आणि गमबूट घातले की मूल बाहेर पडू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि उन्हावर घालायला कुठला कोट मिळत नाही. म्हणून खानदेशातल्या अंगणाचा नकाशा उन्हाला विचारूनच काढावा लागतो.

एक काम याच आठवड्यात करा. खो-खोचं मैदान आखायची फक्की आणा. सकाळी आठला निंबाची सावली जिथवर पडते तिच्या कडेने रेघ मारा. दहाला पुन्हा, बाराला पुन्हा. सावली सकाळी पश्चिमेला लांब पसरलेली असते आणि दुपारपर्यंत बुंध्याकडे गोळा होते, हे जमिनीवर उमटलेलं दिसेल. तुमची शाळा सकाळची. तेव्हा मुलांची बसायची जागा बुंध्याच्या पश्चिमेला. नवी झाडं लावताना लोक ती पश्चिमेच्या कुंपणाशी लावतात, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं. पण दुपारी आपली मुलं घरी झोपलेली असतात. पूर्वेच्या बाजूला लावा, म्हणजे नऊ-दहाच्या सुमाराला सावली मुलांवर पडेल. रेघा वर्षातून तीन-चारदा मारा, कारण सूर्याची वाट बदलते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या भागात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबालाही सावली उरत नाही.

तो निंब तुमच्या अंगणातली सगळ्यात मोठी मालमत्ता आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं टाकतो आणि खरं ऊन तापायच्या आत नवी पालवी घेऊन उभा राहतो. त्याच्या बुंध्याला सिमेंटचा पार आवळून बांधू देऊ नका. बुंध्यावर माती चढवू नका आणि मोठ्या मुळ्यांवर कुदळ चालवू देऊ नका. खाली फक्त जागा साफ करून लाकडाचे ओंडके मांडा. गावातल्या वखारीत बाभळीचे किंवा निंबाचे वाकडे तुकडे जळणाच्या भावाने मिळतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दहा ते बारा इंच उंचीचा ओंडका बसायला बरोबर होतो. कडा रंध्याने मारून घ्या, कुसळं राहायला नकोत.

निंब एकटा पुरणार नाही. उरलेल्या भागासाठी बांबूचा मांडव घाला. जूनमध्ये त्याच्या पायाशी गिलक्याचे, दोडक्याचे, वालाचे वेल लावा. श्रावणात मांडव भरतो आणि मुलांच्या डोक्यावर भाजी लोंबायला लागते. वेल उतरले की फेब्रुवारीत त्याच मांडवावर तुराट्या पसरा किंवा शेडनेट ताणा. जाळी थोडी उतरती बांधा, म्हणजे पाला आणि धूळ साचणार नाही. कायमच्या झाडांसाठी जुलैत दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन करंज, बहावा, आणखी एखादा निंब लावा, आणि ती वाढेपर्यंत मधल्या वर्षांसाठी हादगा किंवा शेवरी. ही दोन्ही झाडं वर्षभरात डोक्याच्या वर जातात. शेवगा बसायच्या जागेजवळ नको. फांदी ठिसूळ असते आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, अंगाला लागल्या की मुलं रडून बेजार होतात. रोपाशेजारी मातीचं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरत राहिलात, तर पहिला उन्हाळा रोप काढतं.

आता जमीन. पेव्हर ब्लॉक उचला, पण टाकू नका. नळापर्यंतची वाट आणि वाफ्यांच्या कडा त्यांच्याच होतील. खालची कच काढून माती कुदळीने सैल करा आणि कुजलेलं शेणखत मिसळा. काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे: पाणी पिऊन फुगते, पायाला चिकटते, वाळली की आकसून फाटते. मुलं जिथून सारखी ये-जा करतात तिथं चार-सहा इंच मुरूम टाकून दाबून घ्या आणि अंगणाला एका बाजूला उतार द्या. चिखलाचा प्रश्न एवढ्याने बराचसा सुटतो. उरलेल्या मुरमाचा आणि मातीचा तीन फुटांचा उंचवटा करून त्यावर हरळी लावा. मुलं त्यावर चढतील, लोळतील, घसरतील.

पण काळ्या मातीचा एक तुकडा मुद्दाम उघडा ठेवा. का, ते सांगते.

अमळनेरच्या आमच्या अंगणात एप्रिलमध्ये मातीला बोटं आत जातील एवढ्या भेगा पडायच्या. चार वर्षांचा एक मुलगा करवंटीतून पाणी आणून एका भेगेत ओतत होता. ओतलं की कान जमिनीला लावायचा. पुन्हा रांजणाकडे, पुन्हा भेगेकडे. शेजारची मुलगी ओणवी होऊन बघत होती. ती अहिराणीत म्हणाली, "दख, आजून पेस!" (बघ, अजून पितेय!) मग त्याने तुराटीचा तुकडा भेगेत सोडला, जिथवर गेला तिथं अंगठा धरला आणि बाहेर काढून तिला दाखवला. तिने दुसरी भेग शोधली. तिच्यात काडी कमी गेली. दोघांचं भांडण जुंपलं की कुठली खोल, आणि त्यांनी दोन काड्या शेजारी-शेजारी धरून ते मिटवलं. मी एक शब्दही बोलले नाही, दुसरी करवंटी तेवढी पुढे केली. लांबी मोजणं, तुलना करणं, अंदाज बांधणं, आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवणं, हे सगळं तिथं झालं. जूनमध्ये शाळा उघडली आणि चार पाऊस पडल्यावर दोघं आपली भेग शोधायला गेले, तर जमीन सलग झालेली. भेग कुठं गेली, यावर पुढचे कितीतरी दिवस चर्चा चालली. पोळ्याला त्याच जागच्या मातीत वाळू आणि भुसा कालवून मुलांनी बैल केले. नुसत्या काळ्या मातीचे केलेले वाळताना तडकतात, हेही त्यांनीच मला दाखवलं.

प्लास्टिकच्या गवतावर हे होणार नाही. शिवाय ते उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवणं कठीण होईल. संस्थेच्या मंडळींना एप्रिलमध्ये सकाळी अकराला अंगणात बोलवा. एक हात घसरगुंडीच्या पत्र्यावर ठेवायला सांगा, एक हात निंबाखालच्या मातीवर. घसरगुंडी मोडीत काढायची गरज नाही, तिची जागा बदला: तोंड उत्तरेला, अंग सावलीत. सिमेंटचा हत्ती मुलांचा लाडका असेल तर राहू द्या.

ही फॅशन बाहेरून आली आहे असं कोणी म्हणालं, तर त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण द्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, माती यांतून साधनं केली. मुलं शाळेत येत नव्हती तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आपलं काम त्याच घरातलं आहे.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. अंगण बदललं तरी बाईंचा दिवस तोच राहिला, तर ती नुसती बाग होईल. मुलांना बाहेर सलग पाऊण-एक तास मिळू द्या. पंधरा मिनिटांची घंटा वाजवून आत बोलावलंत तर खेळ रंगायच्या आत मोडतो. "हा रंग कोणता? ही किती?" असं दर मिनिटाला विचारू नका. जवळ बसा, बघा, आणि एका वहीत रोज दोन-तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहा: कोण काय करत होतं, काय म्हणालं. महिन्याभराने त्या ओळी पालकसभेत वाचून दाखवा. प्रगतिपुस्तकापेक्षा त्या पालकांना जास्त कळतात.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिच्या बालवाडीत हल्ली रोज माती-पाण्यात खेळवतात. घरी येते तेव्हा नखं काळी, फ्रॉक माखलेला. सासूबाई म्हणतात, जंत होतील, आजारी पडेल. मलाही काळजी वाटते. एवढे पैसे भरून पाठवतो, तर तिला अक्षरं कधी शिकवणार? (एक आई, भुसावळ)

तुमची काळजी खरी आहे आणि सासूबाईंच्या म्हणण्यातही तथ्य आहे. जंत मातीतून होतात, पण ते जिथं माणसांची विष्ठा मिसळलेली असते त्या मातीतून. म्हणून बालवाडीत जाऊन तीन गोष्टी बघा. अंगणाला कुंपण आहे का, आणि रात्री तिथं कोणी शौचाला बसत नाही ना? वाळूचा हौद शाळा सुटल्यावर झाकतात का? उघडी वाळू मांजरांना घाण करायला आवडते. आणि खाण्याआधी प्रत्येक मुलाचे हात साबणाने धुतले जातात का? या तिन्हींचं उत्तर बरोबर असेल तर मातीत तिला खुशाल खेळू द्या. घरी नखं दर आठवड्याला कापा. पायात चप्पल असू द्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशकाची गोळी चुकवू नका. लसीकरणाचं कार्डही काढून बघा. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणीचा बूस्टर झालेला असायला हवा आणि पुढचा पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो. धनुर्वातापासूनचं संरक्षण त्यातच येतं.

मातीचा फायदाही सांगते. फिनलंडमधल्या संशोधकांनी काही पाळणाघरांच्या खडी घातलेल्या अंगणांत रानातली माती, गवत, झुडपं आणून घातली आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना २८ दिवस त्यात खेळू दिलं. त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तातल्या तपासण्यांत रोगप्रतिकारशक्ती अधिक संतुलित होत असल्याची चिन्हं दिसली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांचंही तसंच. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा दोष झाला होता, तर नेहमीच्या शाळांत सुमारे ४० टक्क्यांना. मोबाइल हातात असलेल्या आपल्या मुलांसाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अक्षरांची घाई करू नका. पेन्सिल धरायला बोटांत जी ताकद लागते ती चिखल मळून, दाणे वेचून, ओला पंचा पिळून येते. सासूबाईंना एक दिवस बालवाडीत बोलवायला बाईंना सांगा. त्यांच्या पिढीला मातीच्या चुली, बाहुल्या, भातुकली करता येते आणि ते मुलांना शिकवणारं माणूस शाळांना हवंच असतं. आणि ताई, शाळेसाठी दोन जुने फ्रॉक वेगळे काढून ठेवा. रोजची निम्मी चिडचिड तिथंच संपेल.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. एक खोली, पुढे दोन हात ओटा आणि लगेच रस्ता. अंगण नाहीच. मुलं घरी पावरी आणि भिलीत बोलतात. तुम्ही सांगता ते माझ्याकडे कसं होणार? (तळोदा तालुका)

सेविकाताई, तुमच्या मागे सातपुडा उभा आहे. अंगण तुमच्या खोलीपुढे नाही, पण चालत जाता येईल असं एखादं झाड नक्की असेल. आठवड्यातून एक ठरावीक दिवस ठरवा आणि मदतनीसताईंना बरोबर घेऊन त्याच झाडाकडे जा. दर वेळी नवीन जागा नको. तेच झाड पुन्हा पुन्हा बघितलं की मुलांना बदल दिसायला लागतात: पानं गळाली, कळी आली, मुंग्यांची रांग सरकली. मोहाचं झाड असेल तर फारच उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडतात आणि तुमच्यातली बरीचशी मुलं ती आई-आजीबरोबर वेचून आलेली असतात. टोपली कशी भरते, फुलं कशी वाळवतात हे त्यांनीच तुम्हाला दाखवू द्या. ज्या मुलाचं खोलीत तोंड उघडत नाही ते तिथं बोलायला लागतं. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या. मराठी शब्द तुम्ही मागाहून सहज वापरत गेलात की तो उचलतो. गावातल्या एखाद्या आजीला महिन्यातून एकदा तुमच्याबरोबर चालायला सांगितलं, तर ज्या पानाफुलांची नावं आपल्याला येत नाहीत ती तिला येतात.

ओट्यावर धान्याच्या जुन्या गोण्यांत माती भरून मेथी, धने, चवळी पेरा. चवळी लवकर उगवते, मुलांना वाट बघायला लावत नाही. रस्त्याच्या बाजूला बांबूचं दार लावून घ्या, हे मात्र आधी. ग्रामपंचायतीकडे त्यासाठी लेखी मागणी करा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या बालवाडीत बाईंनी ओंडके, दगड, पाण्याची टाकी, झाडोरा असं सगळं आणायचं ठरवलं आहे. उद्या साप निघाला, मूल पडलं, काही खाल्लं तर जबाबदारी आमची. परवानगी द्यावी का? (संस्थाचालक, चाळीसगाव)

भाऊ, परवानगी द्या आणि अटी घाला. अटी मी सांगते.

सापाला उंदीर आणि लपायला जागा लागते. उंदरांची बिळं बुजवा, खाऊचं खरकटं अंगणात पडू देऊ नका, कुंपणाच्या आतून तीन फुटांचा पट्टा कायम साफ ठेवा. दगडांचा आणि लाकडांचा ढीग रचायचा नाही. ओंडके सुटे-सुटे, उभे, सहा इंच जमिनीत रोवलेले असावेत. मुलं यायच्या आधी मोठ्या माणसाने हातात काठी घेऊन पूर्ण फेरी मारायची, आणि जे हलवता येतं ते हलवून बघायचं. विंचू अशाच जागी बसतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत, म्हणून सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असतं ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. १०८ नंबरही तिथंच. दंश झाला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. मुलाला हलू न देता न्यायचं.

पडण्याबद्दल: चढायची कुठलीही वस्तू चार फुटांच्या वर नको आणि तिच्याखाली किमान नऊ इंच वाळू हवी. कडक जमीन किंवा तिच्यावर उगवलेलं गवत पुरत नाही. वाळू पावसाने दाबली जाते, म्हणून दर महिन्याला फावड्याने उकरून उंची बघा. झोपाळ्याच्या पुढेमागे मुलांची वाट नको. आखाजीला मोठ्या फांद्यांना झोके बांधतात तसा झोका निंबाला बांधायचा असेल, तर फांदी जिवंत आणि मांडीएवढी जाड असावी, दोर दर आठवड्याला घासलेला आहे का ते बघावं.

पाण्याची टाकी मात्र नको, यात मी तडजोड करत नाही. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. परात, घमेलं, रांजण आणि करवंट्या पुरतात. रोज शाळा सुटताना सगळं पालथं घालायचं. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडा-दहा दिवस घेतो, रोज रिकामं केलं तर तो होतच नाही. नळाचं सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडा.

झाडोऱ्याची यादी नीट वाचा, कारण यातली बरीच झाडं शाळांच्या कुंपणातच असतात. कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा, एरंड, मोगली एरंड, गुंज, रुई, शेर, घाणेरी आणि गाजरगवत मुलांच्या वावरात नको. मोगली एरंडाच्या बिया चवीला भुईमुगासारख्या लागतात आणि मुलं त्या मूठभर खातात. मग उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात भरती. कुंपणाला अडुळसा किंवा मेंदी लावा. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखणही वाचते. चिंचोके, वाटाणे यांसारख्या लहान बिया मुलं नाकात-कानात घालतात, त्या बाईंच्या डब्यात राहू द्या आणि समोर बसूनच खेळायला द्या.

हे सगळं एका कागदावर लिहून बाईंना आणि पालकांना द्या. किरकोळ खरचटणं होणारच, तेही त्यात स्पष्ट लिहा. पालकांनी वाचून सही केली की पुढचे वाद कमी होतात. आणि बाई एकटी असेल तर मदतनीस वाढवा. वीस मुलं आणि एकच माणूस, अशा अंगणात मी कुठलीच परवानगी देणार नाही.

प्रश्न : नातू बालवाडीत जातो. त्याच्या बाईंनी पालकांना सांगितलं की शेतातलं काही असेल तर आणून द्या. माझी केळी आणि थोडी कपाशी आहे. काय देऊ? (एक आजोबा, रावेर)

नाना, तुमच्यासारखे चार शेतकरी मिळाले तर कुठल्याही बालवाडीला खेळणी विकत घ्यावी लागणार नाहीत. सायमन निकोल्सन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने १९७१ मध्ये एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं होतं की जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त. तुमच्या शेतात अशा वस्तूंचा डोंगर पडलेला असतो.

घड कापल्यावर केळीचं खोड उभं वाया जातं. त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे करून द्या. मुलं ते लोटतात, त्यांच्यावर फळी टाकून बसतात, आणि आडव्या कापाचा ठसा रंगात बुडवून कागदावर उमटवतात. कापल्यावर एक दिवस चीक निथळू द्या. केळीचे डाग कपड्यावरून जात नाहीत आणि त्यावरून आया बाईंशी भांडतात. तुकडे चार-पाच दिवसांनी सडायला लागतात, तेव्हा ते झाडांच्या आळ्यात टाकायला सांगा. वाळलेली सोपटं द्या, मुलं त्यांची वेणी घालतात. तुराट्या, नारळाच्या करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, ठिबकच्या जुन्या नळ्यांचे हातभर तुकडे, सगळं चालतं. नळीची टोकं मात्र कानशीने घासून द्या.

कपाशीच्या बाबतीत जपून. तिच्यावर किती फवारण्या होतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. काड्या द्यायच्या तर शेवटच्या फवारणीला बरेच महिने झालेल्या, धुतलेल्या आणि उन्हात वाळवलेल्याच द्या, नाहीतर तुराट्यांवर भागवा. औषधाचे डबे, बाटल्या, खताच्या गोण्या, घडाला घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या धुऊनसुद्धा नको. बोंडं देता येतील: घरच्या पाच-दहा झाडांवर फवारणी न करता ती वेगळी ठेवा. सरकी हाताने सोडवायला मुलांना फार आवडतं, फक्त ती तोंडात जाणार नाही एवढं बाईंनी बघावं.

आणि सामान पोचवायला जाल तेव्हा तासभर तिथंच बसा. केळीच्या बुंध्याशी पिल्लं कशी येतात, त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे नातवाच्या वर्गाला तुमच्याकडून ऐकायचं आहे. एक पिल्लू नळाच्या सांडपाण्याजवळ लावून या. जूनच्या अखेरीस लावलंत तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत घड धरेल. राखायला वर्गच आहे.